नांग्या भरताना

दहावीचा निकाल लागला की गावोगावच्या शाळांसमोर फलक झळकतात. पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, त्यांचे टक्के, शाळेचे अभिनंदन. फलकावर न आलेली मुलेही त्याच दिवसांत शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जातात. त्यावर 'वर्तणूक चांगली' असा शेरा असतो. पुढे ती कुठे गेली, याची नोंद मात्र बहुतेक ठिकाणी कुणीच ठेवत नाही.

करिअर मार्गदर्शन आपल्या शाळा-महाविद्यालयांना आता नवे नाही. व्याख्याने होतात, मेळावे भरतात. अहवालात उपस्थितीचा आकडा लिहून, चार फोटो जोडून आपण कार्यक्रम यशस्वी झाल्याचे जाहीर करतो. राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणीही घेतली. कोणाचा कल कृषीकडे निघाला, कोणाचा ललित कलांकडे. पण कल कृषीकडे निघालेली मुलगी पुढे शिकली काय? कदाचित एसटी जिथवर जाते त्या गावात, जी शाखा होती ती. सल्ला चुकला, फी परवडली नाही, की घरच्यांनी लांब पाठवले नाही? हे तिलाच विचारावे लागेल, आणि विचारणारे कुणी हवे.

इंग्लंडमध्ये 2014 साली सर जॉन होल्मन यांनी गॅट्सबी फाउंडेशनसाठी चांगल्या मार्गदर्शनाच्या आठ कसोट्या मांडल्या. पुढे तिथल्या सरकारनेही शाळांसाठी त्या स्वीकारल्या. शिकवल्या जाणाऱ्या विषयाची कामाच्या जगाशी सांगड घालणे, प्रत्यक्ष काम करणारी माणसे भेटवणे, कामाची ठिकाणे दाखवणे, सोळाव्या वर्षाच्या आत प्रत्येकाशी एकदा तरी जाणकाराने स्वतंत्रपणे बोलणे, अशा त्या आहेत. त्यातली एक अट साधी दिसते, पण पाळायला सगळ्यांत अवघड आहे. मूल शाळेतून गेल्यावर किमान तीन वर्षे ते काय शिकते, कुठे काम करते, याची माहिती शाळेने ठेवायची. प्रत्येक मुलाची.

कपाशीची लागवड झाली की आठवडा-दहा दिवसांत शेतकरी ओळीओळीने फिरतो. उगवलेली रोपे तर तो बघतोच, पण त्याची नजर असते ती मोकळ्या जागांवर. तिथे तो पुन्हा बी टोचतो, नांग्या भरतो. बी पोचट होते, ओल कमी पडली की पाखरांनी उकरले, तेही त्याला तिथेच कळते. मार्गदर्शनाचे मूल्यमापन याहून वेगळे नाही. वरच्या नंबरांची मुले आपण न सांगताही मार्ग काढतात; त्यांच्यामागे शिकलेले घर असते, ओळखी असतात. आपले काम किती उपयोगी पडले, हे कळते ते पंचावन्न टक्क्यांच्या मुलावरून. अकरावीत नाव घालून दिवाळीनंतर यायचा थांबलेला मुलगा, पदवी घेऊन दोन वर्षे घरी बसलेली मुलगी यांच्यावरून.

याला मोठा निधी लागत नाही. एक वही लागते आणि वर्षातून एकदा केलेला फोन. आलेली उत्तरे शिक्षकांच्या बैठकीत वाचली, तरी पुढच्या वर्षी काय बदलायचे ते आपोआप दिसू लागते. बरीच मुले गणिताला घाबरून शाखा बदलत असतील, तर दहावीनंतरचे व्याख्यान उशिराचे आहे. बोलणे आठवीतच व्हायला हवे. आयटीआयचे नाव ऐकून पालक मान फिरवत असतील, तर मुलांआधी पालकांना तिथली कार्यशाळा दाखवायला हवी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे जाऊन शिकण्यासाठी. तो उपक्रम फोटोपुरता झाला की मुलांना काही देऊन गेला, हेही मुलांच्या प्रश्नांवरून कळेल. सुताराला 'लाकूड कुठून आणता, वर्षभर काम मिळते का, मजुरी कशी ठरवता' असे विचारणारे मूल त्या दिवशी नक्की काही शिकले.

महाविद्यालयांनाही हेच लागू पडते. नामवंत माजी विद्यार्थ्यांना आपण स्नेहसंमेलनाला बोलावतो, शाल-श्रीफळ देतो. बोलवावेच. पण ज्यांना कुठेच बोलावणे येत नाही, त्यांच्या अनुभवात आपल्या कामाचा खरा हिशेब असतो. तो ऐकायला थोडे धैर्य लागते, कारण त्यात आपलेही उणे निघते.

म्हणून यंदाच्या अहवालात उपस्थितीच्या आकड्याखाली आणखी एक रकाना आखावा: तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुले आज काय करतात? पहिल्या वर्षी तो अर्धा कोरा राहील. राहू द्यावा. पुढच्या वर्षी मार्गदर्शनाची सुरुवात कुणापासून आणि कोणत्या प्रश्नापासून करायची, हे त्या कोऱ्या ओळी भरता भरताच ठरत जाईल.