सदसद्विवेकाची सुनावणी

पहिल्या महायुद्धात, १९१५च्या एका कायद्याने ब्रिटनमधल्या दारूगोळा कामगाराला मालकाच्या दाखल्याशिवाय नोकरी बदलणं अवघड केलं. जानेवारी १९१६मध्ये सक्तीची लष्करभरती आली आणि सरकार माणसाच्या अंतःकरणापर्यंत पोचलं.

सदसद्विवेकबुद्धीला युद्ध पटत नसेल तर सूट होती. ही तरतूद खरोखर मोठ्या मनाची. पण ती बुद्धी खरी की बनावट, हे ठरवणार गावातले प्रतिष्ठित. ‘जर्मन सैनिक तुमच्या बहिणीवर चालून आला तर?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. श्रद्धेची अशी उलटतपासणी घेण्याचा अधिकार कुणाला असतो?

त्याच वर्षी, सूट न मिळालेल्या आणि तरीही लढायला नकार देणाऱ्या काही जणांना सैन्याने फ्रान्सला नेलं, खांबाला बांधून ठेवलं. जूनमध्ये सुमारे ३५ जणांना मृत्युदंड वाचून दाखवला; अधिकारी क्षणभर थांबला, मग शिक्षा दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणल्याचं त्याने सांगितलं.

पुढे काहींनी तुरुंगाऐवजी ॲबर्डीनजवळच्या दगडखाणीतलं काम पत्करलं. इतरांनी तेही युद्धाला हातभार म्हणून नाकारलं आणि ते तुरुंगातच राहिले.