मी जाऊ कुठे?



सेवाग्रामची बा-कुटी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. कस्तुरबांच्या आयुष्यातला एक प्रसंग मात्र त्याच्या फार आधीचा, १८९८ मधला, दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानचा आहे. घरी राहणाऱ्या एका कारकुनाचे मूत्रपात्र साफ करण्यावरून वाद झाला. तो कारकून अस्पृश्य मानल्या गेलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेला, आपल्यासारखाच ख्रिस्ती होता. बांनी भांडे उचलले, पण रडत. हे काम हसतमुखाने केले पाहिजे म्हणून गांधीजी संतापले आणि हात धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत घेऊन गेले. इथे माझे आईबाप नाहीत, नातेवाईक नाहीत, मी जाऊ कुठे, असे बांनी रडत विचारले. गांधीजी शरमले, फाटक बंद झाले. हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवले आहे.

तिथे नवरा शरमला म्हणून निभावले. जो शरमत नाही त्याच्या घरी काय? आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी रात्री कोणत्या घरातून आवाज येतो हे शेजाऱ्यांना ठाऊक असते!

२६ ऑक्टोबर २००६ पासून आपल्या देशात घरगुती हिंसाचारविरोधी कायदा लागू आहे. सर्व धर्मांच्या स्त्रियांना तो सारखाच आहे. मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, लैंगिक छळ, खर्चाला पैसे न देणे हीदेखील हिंसाच. घर नवऱ्याच्या नावावर असो वा नसो, तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. घर सासू-सासऱ्यांचे असले तरी तिचा हा हक्क डावलता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. न्यायाधीश मारणाऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतात. ऑस्ट्रियात १९९७ पासून पोलीसच त्याला बाहेर काढतात. आपल्याकडे मात्र न्यायालयात जावे लागते. अर्जाची पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत असावी, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, हेही खरे. संरक्षणाचा आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आता आपल्या श्रद्धेविषयी. ‘बाई, हा तुझा क्रूस आहे, सोस’ असे अशा बहिणीला सांगितले जाते. येशूने आपला क्रूस स्वतः होऊन उचलला. दुसऱ्याच्या पाठीवर वळ उठवून त्याला क्रूस म्हणणे ही ख्रिस्ताची शिकवण नव्हे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातला पत्नीने अधीन राहण्याचा भाग नवऱ्यांना तोंडपाठ असतो. ख्रिस्ताने ख्रिस्तसभेसाठी प्राण दिला तशी पतीने पत्नीवर प्रीती करावी, हा पुढचा भाग कसा विसरला जातो कोण जाणे! ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ११५३ वे कलम स्पष्ट आहे: जोडीदारामुळे स्वतःला किंवा मुलांना शरीराचा वा मनाचा गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास ते योग्य कारण आहे, आणि उशीर घातक असेल तर निर्णय तिने स्वतःच घ्यावा. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ साली लिहिले की, असे वेगळे राहणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरते. केवळ वेगळे राहिल्याने लग्न मोडत नाही, की कम्युनियन बंद होत नाही.

तिला स्वतःला तक्रार करता येत नसेल तर आपण कोणीही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकतो. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर कायद्याने काहीही जबाबदारी येत नाही. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे आणि जिवावर बेतले असेल तर ११२.