दिसले नाहीत

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये मी एक काम वीस मिनिटांत उरकलं होतं.

आमची कंपनी पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते. नमुना आला की बारकोड, तपासणी झाली की रिपोर्ट, आणि रिपोर्ट झाला की पेशंटच्या फोनवर पीडीएफ. एका लॅबची तक्रार आली होती. मलेरियाच्या रिपोर्टवर ‘मलेरियाचे परजीवी दिसले नाहीत’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापून यायची, आणि लोक फोन करून विचारायचे, “म्हणजे आहे की नाही?” लॅबला तिथे सरळ ‘निगेटिव्ह’ हवं होतं, हिरव्या रंगात. मी एक ओळ बदलली, रंगाचा कोड टाकला, टेस्ट चालवल्या. सगळ्या पास. तिकीट बंद करून चहाला गेलो.

नोव्हेंबरमध्ये माझा रूममेट दिवाळी करून एटापल्लीहून पुण्याला परतला. एटापल्ली गडचिरोली जिल्ह्यात आहे आणि गडचिरोली म्हणजे महाराष्ट्रातल्या मलेरियाचं जुनं घर, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. जवळच्या लॅबमध्ये रक्त दिलं. संध्याकाळी फोनवर रिपोर्ट आला: डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह. (त्या लॅबचं सॉफ्टवेअर आमचं नव्हतं. मी नंतर तपासून पाहिलं.) मी त्याच्या हातातला फोन घेऊन रिपोर्ट वाचला आणि म्हणालो, “दोन्ही निगेटिव्ह आहेत रे. व्हायरल असेल. गोळी घे आणि झोप.”

तो दोन दिवस झोपला. तिसऱ्या रात्री उठला आणि त्याला बाथरूमचं दार सापडेना. दोन वर्षं राहतोय त्या फ्लॅटमध्ये.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “गाव कुठलं?” उत्तर ऐकून त्यांनी रक्त पुन्हा तपासायला पाठवलं. तासाभरात निरोप आला. फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा जास्त धोकादायक प्रकार. तो आठवडाभर ॲडमिट होता. आता ठणठणीत आहे आणि माझ्या वैद्यकीय सल्ल्यांवर विनोद करतो. मी मात्र त्या हिरव्या शब्दापाशी अडकलोय.

डॉक्टरांना मी विचारलं होतं, “पहिल्या लॅबची चूक झाली का?” ते म्हणाले, “झाली असेलच असं नाही. सुरुवातीला परजीवी कमी असतात. कधीकधी सापडत नाहीत.”

चूक कोणाचीच नाही, तरी माणूस मरणाच्या दारापर्यंत गेला. हे कसं काय?

रूममेटच्या डिस्चार्जच्या दिवशी मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेलो. तिथल्या तंत्रज्ञ मॅडमनी मला त्याची काचपट्टी दाखवली. पद्धत ऐकून मी थक्क झालो, कारण ती जुनी आहे आणि आजही तीच मुख्य आहे. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा. काचेवर एक जाड ठिपका करायचा आणि एक पातळ थर पसरवायचा. जाड ठिपक्यातल्या तांबड्या पेशी फुटून जातात आणि परजीवी उरतात. त्यामुळे थोड्या जागेत जास्त रक्त बघता येतं. परजीवी कोणत्या जातीचा, हे पातळ थरात ओळखायचं. मग रंग द्यायचा. भारतात त्यासाठी जेएसबी नावाचा रंग खूप वापरला गेला. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी या दोन भारतीय संशोधकांनी तो १९४४ साली मांडला. नाव त्यांच्या आद्याक्षरांवरून.

मायक्रोस्कोपमध्ये मला जांभळट डागांची गर्दी दिसली. मॅडमनी टोकदार दर्शक फिरवून दाखवलं, “ही बघ अंगठी. निळी कड आणि दोन लाल ठिपके. हेडफोनसारखी दिसते ना? फाल्सिपेरम.” त्यांनी दाखवेपर्यंत मला ती दिसली नव्हती. मी मात्र थेट तिच्याकडेच बघत होतो.

“नाही म्हणायच्या आधी किती बघायचं?” मी विचारलं.

“जाड ठिपक्यात शंभर फील्ड तरी. दहा मिनिटं जातात नीट बघितलं तर.”

“आणि दिवसाला स्लाइड किती येतात?”

“पावसाळ्यात? साठ, सत्तर.” त्या हसल्या. “नियम शंभराचा आहे. दिवस आठ तासांचाच आहे.”

घरी येऊन मी हिशोब केला. इंजिनिअरला दुःख झालं की तो हिशोब करतो. जाड ठिपक्याची शंभर फील्डं म्हणजे अंदाजे पाव मायक्रोलिटर रक्त. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असतं. म्हणजे आपण दोन कोटींतला एक भाग पाहतो आणि उरलेल्या सगळ्याबद्दल बोलतो. समजा, एका मायक्रोलिटरमध्ये दहा परजीवी आहेत. शरीरात ते पाच कोटी झाले. पण शंभर फील्डमध्ये सरासरी फक्त अडीच येतील. नजर एकदाही चुकली नाही असं धरलं, तरी एकही न येण्याची शक्यता सुमारे ८ टक्के. आणि गर्दीच्या दिवशी शंभराऐवजी चाळीसच फील्डं पाहिली तर? शक्यता ३७ टक्क्यांवर जाते.

दोन्ही वेळा रिपोर्टवर शब्द एकच: निगेटिव्ह. रंगही एकच. तो मी निवडलेला.

आणि हे फक्त संख्येचं झालं. फाल्सिपेरमचा परजीवी वाढला की ज्या पेशीत राहतो तिला आतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटवतो. तो तिथे लपलेला असताना बोटाच्या थेंबात त्याचे भाऊबंद कमी सापडतात. म्हणूनच संशय असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा रक्त तपासायचं, असं तीनदा तरी करायचं, असा संकेत आहे. एक ‘नाही’ पुरेसा नाही हे लॅबच्या जगाला नीट ठाऊक आहे. आमच्या पीडीएफला नव्हतं.

हा प्रश्न मलेरियापेक्षा खूप जुना आहे. आपल्याकडच्या दर्शनांत यावर वाद झालेत. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळतं कसं? घडा असता तर तो डोळ्यांना दिसला असता. पण ‘नसणं’ डोळ्यांना कसं दिसेल? नैयायिक म्हणत, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक म्हणत, नाही, ‘न दिसणं’ हा ज्ञानाचा वेगळाच मार्ग आहे. त्याला ते अनुपलब्धी म्हणत. पण त्यांनी एक अट घातली होती, आणि ती वाचून मी लॅपटॉपसमोर सरळ होऊन बसलो. न दिसणं तेव्हाच पुरावा ठरतं, जेव्हा ती वस्तू असती तर दिसलीच असती. उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर तुम्हाला काहीच कळलेलं नाही.

म्हणजे ‘नाही’ म्हणायचा अधिकार नुसत्या पाहण्याने मिळत नाही. उजेड पुरेसा होता का, हे आधी सांगावं लागतं.

रोनाल्ड रॉसचंच घ्या. मलेरियाचा परजीवी माणसाच्या रक्तात असतो हे लावेरानने १८८० साली अल्जेरियात पाहिलं होतं. तो डासात सापडतो का, हे रॉस सिकंदराबादेत शोधत होता. डासांमागून डास फाडले, काही नाही. त्याने ‘डास निगेटिव्ह’ असं लिहून विषय बंद केला असता तर त्याला नाव कोणी ठेवलं असतं? पण तो चुकीच्या जातीचे डास बघत होता. २० ऑगस्ट १८९७ ला, ज्याला आपण आज ॲनॉफिलिस म्हणतो त्या डासाच्या पोटात त्याला हवं ते सापडलं. आधीचे सगळे ‘नाही’ खरे होते, पण ते त्या डासांपुरते.

आता दुसरी बाजू. ती माझ्या मॅनेजरने मांडली आणि ती पोकळ नाही. तो म्हणाला, “रात्री अकरा वाजता ताप असलेल्या पोराची आई रिपोर्ट उघडते. तिला तू संभाव्यतेचं गणित देणार? तिला उत्तर हवंय.” पुढे म्हणाला, “आणि ‘दिसले नाहीत’ ही तुला वाटते तितकी साधीभोळी ओळ नाही. उद्या काही झालं तर आम्ही नाही कुठे म्हणालो, असं म्हणायची ती सोय आहे. म्युच्युअल फंडच्या जाहिरातीच्या शेवटी पूर्वी भरभर वाचायचे ना, तसली.”

हे मला लागलं, कारण खरं होतं. शंका व्यक्त करणं म्हणजे आपोआप प्रामाणिकपणा नव्हे. जबाबदारी समोरच्याच्या गळ्यात घालून मोकळं होण्याचाही तो मार्ग असतो. ‘दिसले नाहीत’ वाचून ती आई काय करणार? घाबरणार, किंवा शेजारी विचारणार. शेजारी माझ्यासारखाच कोणी तरी म्हणणार, व्हायरल असेल.

काहींना वाटतं, मायक्रोस्कोप जुना झाला, मशीन आणलं की प्रश्न संपेल. गावात आशाताई वापरतात ते रॅपिड किट घ्या. त्यातली बरीच किट फाल्सिपेरमचं एचआरपी-२ नावाचं प्रथिन शोधतात. पण पेरूच्या ॲमेझॉन भागात असे परजीवी सापडले की ज्यांच्याकडे ते जनुकच नव्हतं. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. त्यांच्यापुढे एचआरपी-२ वरचं किट आंधळं असतं. उलट, उपचार होऊन परजीवी मेल्यावरही ते प्रथिन रक्तात काही आठवडे राहतं आणि किट ‘आहे’ म्हणत राहतं. किट चांगलं आहे, त्याने असंख्य जीव वाचतात. पण तेही कुठेतरीच बघतं, सगळीकडे नाही. आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी कळतं: सगळ्या टेस्ट पास होणं म्हणजे बग नसणं नव्हे. त्या ऑगस्टमध्ये माझ्याही सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या.

बराच विचार करून मी इथवर आलोय. ‘निगेटिव्ह’ खोटं आहे असं मी म्हणत नाही, आणि ‘दिसले नाहीत’ पुरेसं आहे असंही नाही. ज्याच्या ‘नाही’वर दुसरा माणूस झोपायला जाणार आहे, त्याने दोन गोष्टी सांगायला हव्यात: मी किती पाहिलं, आणि तरीही त्रास राहिला तर तू काय कर. पहिली सांगितली नाही तर ती थाप होते. दुसरी सांगितली नाही तर ती पळवाट होते. मी रूममेटला यातली एकही सांगितली नव्हती. मी स्लाइड पाहिली नव्हती, त्याचं गाव विचारात घेतलं नव्हतं, आणि तरी डॉक्टरच्या आवाजात बोललो होतो.

मी ते तिकीट पुन्हा उघडलं. प्रस्ताव लिहिला: रिपोर्टवर तपासलेल्या फील्डची संख्या यावी, आणि खाली ओळ यावी, ‘परजीवी दिसले नाहीत. ताप राहिल्यास बारा ते चोवीस तासांनी पुन्हा तपासणी करा. प्रवास केला असल्यास डॉक्टरांना सांगा.’ मॅनेजर म्हणाला, “संख्येच्या रकान्यात सगळे डोळे मिटून शंभर लिहितील.” मी म्हणालो, “लिहू देत. निदान लिहिताना त्यांना कळेल की आपण काय लिहितोय.” खरं तर मलाही त्याची खात्री नाही.

लॅबने संख्येचा रकाना नाकारला. पेशंट उगाच प्रश्न विचारतील म्हणे. पुन्हा तपासणीची ओळ मात्र घेतली. आता आमच्या रिपोर्टवर वर हिरवा ‘निगेटिव्ह’ आहे, आणि खाली ती ओळ आहे, इतक्या लहान अक्षरांत की फोनवर दोन बोटांनी मोठी करून वाचावी लागते. अक्षरं मोठी करायचं तिकीट मी परवा टाकलंय.