मदत कुणाची?

दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्याला एक लाभ असतो. एकाच गोष्टीची दोन नावे कानी पडली, की मुळात ती गोष्ट काय, असा प्रश्न त्याला पडतो. सांवेर-देपालपूरकडे सोयाबीन पाण्याखाली गेले, की शेतकरी ‘मुआवजा’ मागतो. आपण घरात ‘नुकसानभरपाई’ म्हणतो. मध्य प्रदेशच्या राजस्व पुस्तक परिपत्रात, म्हणजे प्रसिद्ध ‘सहा-चार’मध्ये, शब्द आहे ‘आर्थिक सहायता’.

भरपाई देतो तो नुकसान करणारा. पाऊस काही सरकार पाडत नाही. मग सरकार ऋणको कसे? उलट, नुसते साहाय्य म्हटले, तर शेतकरी याचक ठरतो आणि त्याचे पोट दात्याच्या मर्जीवर राहते. दोन्ही कल्पना मला अपुऱ्या वाटतात.

निकषच पाहू. 2022-23 ते 2025-26 या काळासाठी केंद्राने ठरवलेली रक्कम हेक्टरी कोरडवाहूला 8,500 आणि बागायतीला 17,000 रुपये होती. मर्यादा 2 हेक्टरांची. गेलेल्या पिकाचे मोल एवढ्यात भरून येत नाही, आणि निकषांचा तसा दावाही नाही. त्यांत या रकमेला निविष्ठा अनुदान म्हटले आहे. निविष्ठा म्हणजे बी-बियाणे, खते. म्हणजेच ही रक्कम मागच्या हंगामाची किंमत नसून पुढच्या पेरणीची सोय आहे.

हा विचार आपल्याला परका नाही. शिवाजी महाराजांनी 1676 मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या पत्रात हेच सूत्र आहे. ज्याच्या अंगी कसण्याची ताकद आहे, पण बैल-नांगर आणि पोटाला दाणा नाही, त्याला ते द्यावे. वसुली मुद्दलाची, तीही त्याला झेपेल तशी करावी. तिथे पाहिले आहे ते कसणाऱ्या हातांकडे.

आता खरी अडचण. पंचनामा शेताचा होतो, रक्कम मात्र खातेदाराच्या नावे जमा होते. शेत बटाईने दिलेले असेल, तर बियाणे उधारीने आणणारा वेगळा आणि पैसे मिळणारा वेगळा. मध्य प्रदेशात 2016 मध्ये भूमिस्वामी आणि बटाईदार यांच्या हितरक्षणाचा कायदा झाला. लेखी करार असेल, तर मदतीत बटाईदारालाही वाटा मिळावा, असा त्याचा रोख आहे. पण करार लिहायचा कुणी? कागद झाला की कूळ लागेल, ही जुनी भीती मालकाच्या मनातून जात नाही. बोलीवर व्यवहार चालतो आणि कायदा बाहेर ताटकळतो.

मालकाचाही वाटा बुडाला, असे कुणी म्हणेल. खरे आहे. म्हणून सगळी रक्कम बटाईदाराची, असे मी म्हणत नाही. पेरणीचा खर्च ज्याने ज्या प्रमाणात केला, त्या प्रमाणात ती वाटावी, एवढेच न्याय्य दिसते. खर्च निम्मा-निम्मा, तर मदतही निम्मी-निम्मी.

आपल्यातही अशी घरे आहेत. नोकरी इंदुरात, जमीन गावी, कसणारा तिसराच. अशा घरात रक्कम जमा झाल्याचा निरोप येतो, तेव्हा पटवारी समोर नसतो, तहसीलदारही नसतो. शासनाने ती आपल्या नावावर टाकली, म्हणून ती आपली झाली का, हे आपणच ठरवायचे असते. पुढची पेरणी करणारा माणूस मात्र तो निरोप आपल्याकडून येईल, याची वाट पाहत असतो.