मिसर देशातील फुकटची मासळी

सणाच्या जेवणाचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे आणि उपवासाचाही झाला आहे. नाताळच्या मेजवानीत काय असावे आणि राखेच्या बुधवारी काय नसावे, हे घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु या दोन टोकांच्या मध्ये जे असंख्य आडवार पसरलेले आहेत, त्या आडवारच्या रात्रीच्या जेवणाविषयी नीतिशास्त्र बहुधा मौन पाळते. जणू सण आणि उपवास एवढेच आत्म्याचे दिवस, आणि बाकीचे केवळ पोटाचे! आमच्या मते हे मौन योग्य नव्हे. माणसाच्या आयुष्यातील बहुतेक जेवणे आडवारचीच असतात. तेव्हा त्याच्या नीतीची परीक्षाही बहुतांशी त्याच पानावर व्हावयाची.

विचार हवेत राहू नये म्हणून आपण एकच पदार्थ समोर ठेवू. लसणीवर परतलेली कोळंबी आणि सोबत लोणी-दूध घालून कुस्करलेला बटाटा. बटाट्याच्या चॉपवर वाढलेल्या आमच्या समाजाला कुस्करलेला बटाटा नवा नाही आणि कोळंबी तर नाहीच नाही. परंतु या दोहोंची अशी जोडी अलीकडे आपल्या घरांत आली. जेथे पती-पत्नी दोघेही नोकरीला जातात आणि विरार लोकलच्या गर्दीतून रात्री आठाच्या सुमारास घर गाठतात, तेथे ती विशेष रुजली. कारण उघड आहे. कुकरमध्ये बटाटे चढवावेत, ते होईतो लसूण ठेचावी, आणि शेवटच्या पाच मिनिटांत कोळंबी परतून घ्यावी. वाटण नको, नारळ खवणे नको. अर्ध्या तासात पाने मांडता येतात.

या घाईच्या पदार्थालाही अवधान मात्र लागते, हे येथे नमूद केले पाहिजे. लसणीची पाकळी अखंड असेपर्यंत तिला तो उग्र गंध नसतो. ती ठेचली की तिच्यातील निरनिराळ्या कप्प्यांत असलेली द्रव्ये एकत्र येतात आणि गंध जन्मतो. तीच लसूण तेलात क्षणभर अधिक राहिली तर करपून कडू होते. कोळंबीचा राखी रंग दोन-तीन मिनिटांत जाऊन ती केशरी-गुलाबी होते. हा रंग बाहेरून चढत नाही, तो तिच्या अंगातच प्रथिनाने बांधून ठेवलेला असतो आणि उष्णतेने ते बंधन सुटते. ती अर्धचंद्रासारखी वाकली म्हणजे शिजली. तिचे घट्ट वेटोळे झाले म्हणजे ती चिवट झाली. बटाटा हातानेच कुस्करावा. मिक्सरमध्ये फिरविल्यास त्यातील पिष्ट मोकळे होऊन खळीसारखा चिकट गोळा हाती येतो. दमलेल्या माणसाने दुसऱ्या दमलेल्या माणसांसाठी एवढे अवधान द्यावे, हीसुद्धा प्रीतीचीच एक कृती होय. तिचा बोभाटा होत नाही, एवढेच.

परंतु आमचा प्रश्न याच्या आधी सुरू होतो. हे जेवण सोपे झाले ते कशामुळे? ज्यांनी कोळंबी साफ केली आहे, त्यांना उत्तर सांगावयास नको. कोळंबीचे डोके काढावयाचे, कवच सोलावयाचे, पाठीला चीर देऊन काळा धागा ओढावयाचा. अख्खी कोळंबी किलोभर घेतली तर खाण्याजोगे मांस जेमतेम अर्धा किलो निघते. बोटांना काटे टोचतात, पाण्याने हात गारठतात, वास दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही. आता हीच कोळंबी सोललेली, गोठवलेली, पिशवीत बंद होऊन मिळते. कष्ट नाहीसे झाले असे आपल्याला वाटते. वास्तविक ते नाहीसे झालेले नसतात. त्यांची जागा बदललेली असते. आपल्या मोरीतून ते दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलापाशी गेलेले असतात. स्वयंपाकघरात जे सोपे झाले, ते कोणासाठी तरी कठीण राहिलेच आहे.

जुन्या करारातील एक प्रसंग या संदर्भात आम्हांला वारंवार आठवतो. ‘गणना’ या ग्रंथाच्या ११ व्या अध्यायात अरण्यातून चाललेले इस्राएल लोक मान्ना खाऊन कंटाळतात आणि रडू लागतात. त्यांना मिसर देशातील जेवण आठवते. त्या आठवणीच्या यादीत काकड्या आहेत, खरबुजे आहेत, कांदे आहेत आणि लसूणही आहे. परंतु यादीच्या आरंभी आहे ती मासळी. आणि त्या मासळीबद्दल ते म्हणतात की, ती आपल्याला तेथे फुकट मिळत असे. वाचकहो, या ‘फुकट’ शब्दापाशी थोडे थांबावे. हे बोलणारे लोक मिसरात गुलाम होते. विटा पाडता पाडता त्यांचे कंबरडे मोडले होते. त्या मासळीची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने मोजली होती. तरीही जिभेला चव तेवढी आठवली, चाबूक आठवला नाही. भुकेने माणूस लाचार होतो हे आपण जाणतो. चवीने तो विस्मरणशील होतो, हे या प्रसंगाने दाखविले. आणि जो स्वतःची गुलामगिरी इतक्या लवकर विसरू शकतो, तो दुसऱ्याची विसरेल यात नवल ते काय?

दुसऱ्याची म्हणजे कोणाची, हेही आता जगापुढे आले आहे. २०१५ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या चार महिला पत्रकारांनी आग्नेय आशियातील मासळीव्यवसायाचा शोध घेतला. इंडोनेशियातील एका बेटावर म्यानमारमधून आणलेले मच्छीमार पिंजऱ्यात कोंडलेले त्यांना आढळले. थायलंडमध्ये कोळंबी सोलणाऱ्या छपऱ्यांत स्थलांतरित मजूर, आणि त्यांच्यात मुलेही, पहाटेपासून रात्रीपर्यंत बर्फाच्या पाण्यात हात घालून राबत असल्याचे दिसले. या वृत्तांमुळे दोन हजारांहून अधिक माणसांची सुटका झाली आणि २०१६ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. ती कोळंबी जेथे विकली गेली, तेथेही कोणी तरी आडवारच्या रात्री ती लसणीवर परतली असेल आणि ‘आज फार सोपे जेवण केले’ असे समाधानाने म्हटले असेल.

आपल्या देशातील कथा निराळी असली तरी ती निर्मळ नाही. पूर्व किनाऱ्यावर गेल्या शतकाच्या अखेरीस कोळंबीची तळी झपाट्याने वाढली. खारे पाणी शेजारच्या भातशेतीत आणि विहिरींत उतरू लागले. तामिळनाडूतील गांधीवादी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांनी या प्रश्नी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने किनारा-नियमन क्षेत्रातील, पारंपरिक प्रकार वगळता इतर, कोळंबी-तळी हटविण्याचा आदेश दिला. पुढे २००५ साली संसदेने किनारी मत्स्यसंवर्धनासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमणारा कायदा केला. २००९ साली अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरील व्हॅनामेई जातीच्या कोळंबीला परवानगी मिळाली आणि आंध्र प्रदेश तिचे आगर बनला. या व्यवसायाने अनेकांच्या चुली पेटविल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु विहीर खारट झालेल्या कुटुंबाने आपल्या ताटाची जी किंमत दिली, ती पिशवीवर छापलेली नसते. समुद्रातील कोळंबीचेही तसेच. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात कोळंबीसोबत, अनेकदा तिच्याहून कितीतरी अधिक, इतर मासळी आणि पिल्ले येतात. होडीवर जगणाऱ्या लहान कोळ्याच्या उद्याच्या जाळ्यातूनच ती वजा होत असतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. ‘यात आमचा काय दोष? आम्ही कोणाला कोंडले नाही, कोणाची विहीर खारट केली नाही. बाजारातून पाव किलो कोळंबी आणली, एवढेच.’ नीतिशास्त्राच्या जुन्या अभ्यासकांनी, विशेषतः संत आल्फोन्सस लिगोरी (१६९६-१७८७) यांच्या परंपरेने, या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. दुसऱ्याच्या अपकृत्यात त्याच्या हेतूसह सामील होणे वेगळे आणि त्या अपकृत्याचा हेतू न धरता त्याच्याशी आपल्या कृतीचा संबंध येणे वेगळे. शिवाय हा संबंध जवळचा की दूरचा, हेही पाहावे लागते. या मोजमापाने पाहता कोळंबी विकत घेणारी गृहिणी कोणत्याही अर्थाने गुलामांची मालकीण ठरत नाही. आम्हीही तिला तसे म्हणणार नाही. दमून घरी आलेल्या माणसाच्या ताटात अपराधाची कडवट फोडणी घालणे, हे आमचे काम नव्हे.

मात्र ज्यांनी हा भेद केला, त्यांनी तो डोळे मिटून घेण्यासाठी केला नव्हता. संबंध दूरचा असला तरी तो स्वीकारण्यास पुरेसे कारण असावे आणि आपल्या शक्तीनुसार अनिष्ट टाळण्याचा प्रयत्न असावा, अशी अट त्यासोबत आहे. दोष दूरचा म्हणून हलका होतो. कर्तव्य दूरचे म्हणून नाहीसे होत नाही. त्यातले पहिले कर्तव्य जाणून घेण्याचे आहे. ‘ही कोठून आली?’ हा प्रश्न विचारण्यास पैसे पडत नाहीत.

दुसरा आक्षेप याहूनही अवघड आहे, कारण तो घरातून येतो. ‘मग काय, बाईने रात्री आठ वाजता घरी येऊन पुन्हा कोळंबी सोलत बसावे?’ येथे आम्हांला वाटते की, मिसर देश शोधण्यासाठी थायलंडपर्यंत जाण्याचीही गरज नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशातील लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली. घरच्यांसाठी विनावेतन घरकाम करणारी स्त्री त्यात दररोज सरासरी २९९ मिनिटे घालवीत होती आणि पुरुष ९७ मिनिटे. शिवाय अशा कामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या आणि पुरुष केवळ २६. हे आकडे एखाद्या घराला लागू नसतीलही. परंतु आपल्यापैकी अनेकांना ते ओळखीचे वाटतील.

‘आईच्या हातच्या कोळंबीची सर कशालाच नाही,’ असे आपण पुरुष मंडळी मोठ्या भावनेने म्हणतो. ती चव आपल्याला आठवते. मोरीपाशी पाटावर बसून सोललेली ती कोळंबी, ते गारठलेले हात, सर्वांना वाढून झाल्यावर भांड्याच्या तळाशी उरलेला रस्सा आणि त्यात बुडविलेली तिची भाकरी, हे किती जणांना आठवते? आपल्या लेखी ती मासळी फुकटच होती. अरण्यातील इस्राएलांनी निदान स्वतः सोसलेले कष्ट विसरले; आपण दुसऱ्याने सोसलेले विसरून त्याला वात्सल्य असे गोड नाव दिले. आईचे प्रेम खरेच होते. पण प्रेमाने केलेल्या कामालाही घाम येतो.

म्हणून तयार पिशवी वाईट आणि घरी सोललेली कोळंबी पवित्र, असा सरळ निवाडा आम्ही देणार नाही. एका स्त्रीच्या पाठीवरचे ओझे काढून ते दुसऱ्या, न दिसणाऱ्या स्त्रीच्या पाठीवर ठेवणे हा न्याय नव्हे. आणि ते उचलून पुन्हा पहिलीच्या पाठीवर ठेवणे हाही नव्हे. ओझे वाटून घ्यावे, एवढाच मार्ग उरतो. कोळंबी चार माणसे खाणार असतील तर ती चार माणसांनी सोलावी. चारांच्या हातांनी पाऊण तासाचे काम दहा-बारा मिनिटांत उरकते, आणि मुलांना त्या दहा मिनिटांत जे कळते ते प्रवचनाने कळत नाही. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळणीकडून वाटा घेताना शेवटच्या दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये; मॉलमध्ये आपण ती करीत नाही. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या ६१ दिवसांत समुद्राला त्याची विश्रांती द्यावी आणि तेवढे दिवस सोड्यांवर किंवा नुसत्या बटाट्यावर भागवावे. डोकी आणि कवचे उकळून त्यांचे पाणी गाळून घ्यावे. ज्या जिवाचे प्राण घेतले, त्याचा अर्धा भाग कचऱ्यात टाकण्याची मुभा आपल्याला कोणी दिली? आणि ज्या दिवशी यातील काहीच जमणार नाही, कारण असे दिवस येतातच, त्या दिवशी पिशवी उघडताना निदान मनात ठेवावे की, हे कोणी तरी सोलले आहे. ही आठवण म्हणजे न्याय नव्हे. पण जेथे आठवणच नाही, तेथे न्यायाची सुरुवात तरी कोठून व्हावी?

त्याच ११ व्या अध्यायात, फुकटच्या मासळीच्या तक्रारीनंतर लगेच, एक साधीशी माहिती दिलेली आहे आणि वाचताना ती सहसा नजरेतून निसटते. मान्ना स्वर्गातून येत असे, हे आपण सारे सांगतो. परंतु लोक फिरून ते गोळा करीत, जात्यावर दळीत किंवा उखळात कुटीत, भांड्यात शिजवीत आणि मग त्याच्या भाकरी करीत, असेही तेथे लिहिले आहे. प्रत्यक्ष देवाने पाठविलेले अन्नही तयार होऊन ताटात पडले नाही. कोणाला तरी जाते ओढावे लागले. ते कोणी ओढले, त्याची नोंद मात्र त्या ग्रंथात नाही. आपल्या घरात तरी ती असावी.