वाण्याची वही

आमच्या आळींतील किराणा मालाचे दुकानदार नुकतेच वारले. त्यांच्या चांगुलपणाची चिकित्सा करण्याचा मोह आम्हांस होतो, हा आमच्या धंद्याचा दोष. कांटनें १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत दुकानदाराचेंच उदाहरण घेतलें आहे: तो अजाण पोरासही वाजवी भावानें माल देतो, परंतु त्यांत त्याचें हितच असल्यामुळें तो कर्तव्यबुद्धीनें वागला असें ठरत नाहीं. हें आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत शिकवीत आलों.

२०२० च्या टाळेबंदींत रोजगार बुडालेल्यांस या गृहस्थांनीं उधारीवर धान्य दिलें. गिऱ्हाईक टिकावें म्हणून, असें तेव्हां आम्हीच म्हटलें होतें! परवां त्यांच्या मुलानें उधारीची वही दाखविली. कित्येक खात्यांवर तिरपी रेघ. वसुलीची नोंद कोठेंच नाहीं. मुलासही हें ठाऊक नव्हतें. ज्याचा बोभाटा नाहीं त्या औदार्यांत हित कसलें? निव्वळ कळवळा म्हणावा, तर कांट त्यासही नैतिक मोल देणार नाहीं. येथें मात्र आमचें मन त्याच्यामागें जात नाहीं. (आमच्याकडून ते पैन् पै घेत, आणि तें योग्यच होतें.) रेघ ओढतांना त्यांच्या मनांत काय होतें, तें वहींत लिहिलेलें नाहीं.

मुलानें वही मिटून फळीवर ठेवली. आम्ही साखरेचे पैसे देऊन निघालों.