निखळ विनोदाची पळवाट

एखाद्या विनोदावरून वाद पेटला की एक वाक्य हटकून कानावर येते : ‘पुलंसारखा, चिं. वि. जोशींसारखा निखळ विनोद करा ना!’ २०२५च्या मार्चमध्ये मुंबईत खारला विनोदाचे कार्यक्रम होणाऱ्या एका स्टुडिओची मोडतोड झाली, त्या वेळीही ते मी ऐकले. पुस्तकांच्या जाहिरातींत, वाहिन्यांवरच्या निवेदनांत, सत्काराच्या भाषणांत ‘निखळ’ हा शब्द सतत फिरत असतो. निखळ म्हणजे कुणालाही न लागणारा, सहकुटुंब ऐकावा असा, आणि ऐकून झाल्यावर आलो तसेच घरी जाता येईल असा. अशा विनोदाची थोर परंपरा मराठीला होती आणि आजच्या पोरांनी ती बुडवली, असा त्यामागचा समज आहे. माझे म्हणणे असे, की ही परंपरा अशी कधी नव्हतीच. आपण वाचकांनी ती मागाहून, आपल्या सोयीने रचली.

सुरुवातीच्या काळाबद्दल फारसा वाद नाही, म्हणून तो भरभर सांगतो. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. त्यात एक जोशी कुणबी जोडप्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, आणि ही लुबाडणूक नेमकी कशी चालली आहे ते विदूषक मध्ये मध्ये येऊन दाखवून देतो. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले. ते छापून यायला १९७९ साल उजाडावे लागले. मराठी विनोदाचा इतिहास सांगणारे सहसा श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून सुरुवात करतात. त्यांच्या लेखी हा विदूषक जणू झालाच नाही. कोल्हटकर व्यवसायाने वकील. १९०२ पासून ‘सुदाम्याचे पोहे’मधले लेख लिहिताना त्यांनी वकिली हुन्नर वापरला : रूढीचे वकीलपत्र घ्यायचे आणि तिची बाजू इतक्या काटेकोरपणे लढवायची की ती आपल्याच युक्तिवादाखाली कोसळावी. त्यांना गुरू मानणाऱ्या गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या नावाने लग्नाच्या बाजाराची चिरफाड केली. अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’मधून समकालीन कवींच्या लकबी उघड्या पाडल्या, आणि पुढे वर्तमानपत्रांतून पुढाऱ्यांना सळो की पळो करून सोडले. यांच्यापैकी कुणाला निखळ म्हणायला आजही कुणी धजावणार नाही.

खरा घोटाळा पुढच्या वळणावर आहे. १९३२ साली चिं. वि. जोशींचे ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आले, पाठोपाठ १९३३ मध्ये ‘चिमणरावांचे चऱ्हाट’. या वळणाविषयी आपण सगळे एकच वाक्य शिकलो आहोत : इथे मराठी विनोद टीकेच्या जोखडातून सुटला, निर्विष झाला, मध्यमवर्गीय घरात येऊन रमला. घरात आला हे खरेच आहे. पण टीका सुटली, हे मला अजिबात मान्य नाही. बदलली ती टीकेची जागा.

कोल्हटकरांचा सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या ही माणसे आठवून पाहा. त्यांची मते आठवतात, वाद आठवतात, पण त्यांना घरभाडे किती पडते किंवा रात्री झोप का लागत नाही हे कळत नाही. ती माणसाच्या वेषातली विधाने आहेत. सोवळ्याओवळ्याची टर उडते तेव्हा वाचक लेखकाच्या शेजारी उभा राहून तिसऱ्याच कुणाला तरी हसतो. आपण सुधारलेले, हसण्याजोगे ते दुसरे. ही सुखाची जागा आहे.

चिं. वि. जोशींनी ही सुखाची जागा काढून घेतली. चिमणराव स्वतःची हकिकत स्वतः सांगतो, आणि आपण काही विनोदी सांगतो आहोत याचा त्याला पत्ता नसतो. तो कारकून आहे. साहेबाची भीती, बायकोपुढे शेखी, शेजाऱ्याच्या बरोबरीने राहण्याची धडपड, कुठल्याही प्रसंगात आधी अंग चोरणे आणि मग त्या अंगचोरीला तत्त्वाचा मुलामा देणे, हे सगळे तो भारदस्त, पुस्तकी मराठीत मांडतो. वाक्य जितके भारदस्त, तितकी त्यामागची भीती स्पष्ट. ‘मी घाबरलो’ असे तो सहसा म्हणत नाही. आपण शहाणपणाने वागलो असे म्हणतो आणि घाबरलेपण वाचकाला दिसते. ते दिसते कारण वाचकही कालपरवा तसाच वागलेला असतो. त्याच्या जोडीला दणकट, दांडकेवाला गुंड्याभाऊ : कशातही हिरिरीने उडी घेणारा, विचार मागाहून करणारा. एक भीतीचा, दुसरा आवेशाचा.

आता ही पुस्तके कोणत्या दिवसांत आली ते पाहा. कायदेभंगाची चळवळ चालू होती, व्यासपीठांवर त्यागी तरुणाची वर्णने चालू होती. त्याच वेळी बडोद्यात बसलेला पालीचा हा प्राध्यापक लिहीत होता तो कचेरीत मान खाली घालून बसणाऱ्या माणसाविषयी, आणि नुसत्या जोशावर चालणाऱ्या माणसाविषयी. मराठी पांढरपेशाची या दोघांत झालेली विभागणी इतक्या नेमकेपणाने तेव्हाच्या किती गंभीर कादंबऱ्यांनी टिपली? चिं. वि. जातककथांचे अभ्यासक होते, बुद्धाचे चरित्रही त्यांनी लिहिले. माणसाचा मोह पूर्ण उघडा करायचा आणि तरीही त्याचा द्वेष करायचा नाही, ही नजर त्यांना तिथून मिळाली असावी असे मला वाटते. त्यांच्या विनोदात तिरस्कार नाही, हे अगदी खरे. पण तिरस्कार नसणे म्हणजे दंश नसणे नव्हे. इथे दंश आतल्या बाजूने होतो, म्हणून तर तो जास्त खोल जातो.

मग हा लेखक निरुपद्रवी कसा ठरला? आपण ओळखीचे रूपांतर लडिवाळपणात करून टाकले. ‘अगदी आमचे काका!’ असे म्हटले की चिमणराव आपल्यापासून वेगळा होतो आणि आपण सुटतो. पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ती जोडी इतकी लोभस केली की महाराष्ट्राने तिला दत्तकच घेतले. त्या दोघांचे काम अप्रतिमच होते. पण लोभसपणा लक्षात राहिला आणि आरोप विसरला गेला, हेही तितकेच खरे.

पुलंच्या बाबतीत हीच गोष्ट आणखी मोठ्या प्रमाणावर घडली. ‘अंतू बर्वा’ घ्या. रत्नागिरीत वीज येते तेव्हा हा म्हातारा ती घरात घ्यायला तयार नसतो. उजेड पडला तरी दिसणार आपले दारिद्र्यच, असे त्याचे म्हणणे. सभागृह इथे हसते, मीही हसलो आहे. पण त्या हसण्यात कोकणातली रिकामी घरे आहेत, दूर गेलेली मुले आहेत, आणि स्वाभिमान सांभाळायला तिरकस बोलण्याखेरीज काहीही न उरलेला माणूस आहे. १९५७च्या ‘तुझे आहे तुजपाशी’मध्ये पुलंनी नैतिक दरारा मिरवणारे आचार्य उभे केले, तेही स्वातंत्र्याला दहा वर्षे होत असताना, जेव्हा तसल्या दराऱ्याला मोठा मान होता. आणि १९७७ साली आणीबाणीविरुद्ध प्रचारसभांत बोलायला हाच माणूस उभा राहिला. ज्यांना पुलंसारखा विनोद हवा असतो, त्यांना हे सगळे पुलंमधून वगळून हवे असते.

‘निखळ’ या शब्दाने आणखी एक नुकसान केले, आणि ते मला जास्त सलते. निखळतेचे कुंपण घातले की काहीजण आपोआप बाहेर पडतात. तमाशातली बतावणी ‘चावट’ ठरते, दादू इंदुरीकरांचे ‘गाढवाचं लग्न’ करमणूक म्हणून चालते पण विनोदी वाङ्मयाच्या चर्चेत येत नाही, आंबेडकरी जलशांतले विनोदी संवाद ‘प्रचार’ या खात्यात जमा होतात. १९६५ साली वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने राजा, प्रधान, कोतवाल यांना सोंगाड्याच्या तोंडी दिले तेव्हा शहरी प्रेक्षक त्यावर लोटला. तरी दादा कोंडक्यांचे त्यातले हजरजबाबी राजकीय भाष्य कुणी निखळ विनोदात मोजले नाही. मिरासदार, शंकर पाटील यांना जागा मिळाली, पण ‘ग्रामीण’ असे बिल्ले लावून. चाळीतल्या विनोदाला मात्र कुणी ‘नागर’ म्हणून वेगळा खण दिला नाही.

आजच्या मंचांवरच्या विनोदाबद्दल माझीही तक्रार आहे, पण ती कोण दुखावले याची नाही. त्यातले बरेचजण कोल्हटकरांच्या जागेवर परत गेले आहेत, तेही कोल्हटकरांच्या तर्कशक्तीशिवाय : मूर्ख ते सगळे समोरचे, बोलणारा तेवढा बाहेर. शिवी हा त्यातला किरकोळ भाग आहे, कारण शिवी असूनही विनोद स्वतःवर उलटू शकतो आणि शिवी नसूनही तो पोकळ राहू शकतो.

चिमणरावाचे काम वेगळ्याच ठिकाणी चालू असलेले मला दिसते. वऱ्हाडीत, खानदेशी बोलीत, मालवणीत मोबाइलवर छोटे प्रसंग करणारी मुले आहेत. लग्नाच्या बैठकीत एकच मुलगा खांद्यावर टॉवेल टाकून मुलाचा बाप होतो, डोक्यावर ओढणी घेऊन मुलीची आई होतो, आणि टोपी घालून मध्यस्थ मामा. ‘आम्हाला काही नको’ असे म्हणत म्हणत बाप मोटारसायकलचे मॉडेल सुचवतो. हे घर त्या मुलाचे स्वतःचे आहे, हा व्यवहार त्याच्याच आप्तांचा आहे, आणि उद्या त्याच बैठकीत नवरदेव म्हणून त्याला बसायचे आहे. विनोदी वाङ्मयावरच्या परिसंवादांत या मुलांचे नाव घेतलेले मी अजून ऐकलेले नाही.